रंजक कुणी दिली

आमच्या मामांना भुवया नव्हत्या. पापण्याही विरळ, नसल्यासारख्याच. मामा म्हणजे माझे सासरे. पंधराव्या वर्षी लग्न होऊन मी नळदुर्गापासून दोन कोसांवरच्या त्यांच्या गावात आले, तेव्हा पहिले आठ दिवस मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा भीती वाटली. भुवया नसलेला माणूस रागावला आहे, हसतो आहे की काही विचारतो आहे, ते कळत नाही.

त्या भुवया उखळीनं खाल्ल्या होत्या. यात्रेतले उखळी बार आता बंद झाले, म्हणून सांगते. उखळी म्हणजे जाड लोखंडाचं वीतभर उंचीचं भांडं. त्यात बंदुकीची दारू भरायची, वर विटेचा चुरा घालून लाकडी दांड्यानं ठासायचा. बुडाशी बाजूला एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. त्या कानात चिमूटभर वस्त्रगाळ दारू घालायची. ती रंजक. लांब वेळूच्या टोकाला पेटती दोरी बांधायची आणि दूर उभं राहून रंजकेला लावायची. रंजक पेटत आत जाते आणि पोटातली दारू उडते. आवाज तीन गावांना जातो. उखळी कुणीही ठासून देत असे. रंजक देणं मात्र एकाच माणसाचं काम, आणि आमच्या गावच्या वीरभद्राच्या यात्रेत ते मामांचं होतं, त्याआधी त्यांच्या वडिलांचं. गावानं त्यांचं नावच टाकून दिलं होतं. लहानथोर सगळे रंजकवाले म्हणत.

मामांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "आधी इवलंसं द्यावं, मग ते आपलं आपन घेतंय." ते नुसतं दारूपुरतं नव्हतं. दिवा लावायचा तर वात आधी तेलात भिजवून दोन बोटांत पिळलेली पाहिजे. म्हशीची धार काढायची तर रेडकाला आधी दोन घोट पिऊ द्यायचे, मगच चरवी खाली धरायची. मी घाईनं रेडकू ओढलं तर म्हणायचे, "ती यंत्र न्हाय, आई हाय. तिला कळू दे आधी."

माणसांशीही त्यांचं तसंच. मोठं काही सांगायचं असलं की आधी बारीक काहीतरी बोलायचे. माझी आई गेल्याचं त्यांनीच मला सांगितलं. मी चुलीपाशी होते. दारात येऊन विचारलं, "गौरव्वा, रांजण भरला का?" मी व्हय म्हणाले. "मग बस खाली. तुझ्या माहेराहून मानूस आला हुता." स्वतः उंबऱ्यावर टेकले. "तुझी आई लई दिवस आजारी हुती न्हवं?" तोवर मला कळून चुकलं होतं. पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही. त्यांनी ते मायेनंच केलं. पण त्यानंतर मामांनी एखादी साधी गोष्ट विचारली की मी हातातलं काम खाली ठेवायची. आता यामागून काय येणार, असं वाटायचं.

यात्रा नसेल तेव्हा मामा दारं, चौकटी आणि बैलगाड्या रंगवायचे. शेंदूर जवसाच्या तेलात खलून त्याचं अस्तर आधी लाकडाला द्यायचं, ते चार दिवस वाळू द्यायचं आणि मग वरून रंग. रंग माझा नवरा मारायचा. अस्तर मामाच. लोक यायचे आणि म्हणायचे, वा, काय निळा रंग दिलाय. मामा मला हळूच म्हणायचे, "अस्तर कुनाला दिसत न्हाय बग. पर त्येनं धरलं न्हाय तर रंग दोन पावसात सालीवानी निघतोय."

माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. दिसायला देखणे, कामाला झटपट, वाईट सवय एकही नाही. पण त्यांना कुणी हसलेलं खपत नसे. हसणारा लहान पोर असला तरी यांचा कान लाल व्हायचा. बाविसाव्या वर्षापर्यंत उखळी ठासायचं काम यांचं आणि रंजक वडिलांची, यावरून गावातली सोबतीची माणसं यांना चिडवायची. हे मामांना विचारायचे, "अप्पा, मला कवा देनार?" मामा म्हणायचे, "तुझा हात थांबायला शिकला की." एवढंच. दर वर्षी तेच उत्तर.

पाटलाच्या मळ्यात तेलावर चालणारं इंजिन आलं त्या वर्षी मामांची आणखी एक कामगिरी वाढली. इंजिन सोलापूरहून गाडीत घालून आणलं होतं. नारळ फोडला, इंजिन धडधडायला लागलं, सगळं गाव विहिरीवर जमलं, आणि नळातून थेंब येईना. आणणारा माणूस घामाघूम झाला. मामांनी पंपाला कान लावला आणि म्हणाले, "ह्येचा घसा कोरडा हाय. बंद करा." वरचं झाकण काढून त्यांनी दोन घागरी पाणी पंपाच्या पोटात ओतलं, झाकण घट्ट केलं, आणि इंजिन पुन्हा चालू करायला सांगितलं. पाणी हातभर लांब पडलं. पाटील म्हणाले, "रंजकवाले, हितंबी तुमचीच रंजक." लोक हसले. मामाही हसले असतील. विहिरीतल्या नळाची झडप पुढं गळायला लागली आणि पंपातलं पाणी वारंवार उतरायचं. इंजिन नुसतं फिरायला लागलं की मामांना बोलावणं यायचं.

हे सगळं निजामाच्या राज्यातलं. त्या राज्याची शेवटची दोन वर्षं वाईट होती. सरहद्दीपलीकडं सोलापूरला झेंडा बदलला आणि आमच्याकडं गावोगाव बंदूकवाली पथकं फिरायला लागली. शेजारच्या एका गावच्या गंजी जाळल्या. माणसं सोनंनाणं पुरून सरहद्द ओलांडत होती. दारूगोळा कुणाकडं सापडला तर तो कशासाठी हे कुणी विचारत नव्हतं. मामांकडं बारांसाठीची दारू परवान्याची होती. त्या वर्षी अमीनसाहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या मोठ्या अंमलदारांनी, निरोप पाठवला: यात्रा करा, बार पाचच उडवा, आणि उखळीपाशी आमचा जवान उभा राहील. पाटील म्हणाले, "रंजकवाले, यंदा नको बार." मामा म्हणाले, "न्हाय उडवले तर म्हनतील दारू कुठं लपवली. उडवून मोकळं हू."

जवान आला तो कासीम. तीन कोसांवरच्या गावचा, विसेक वर्षांचा, ओठांवर नुकती मिसरूड. त्याची आई बांगड्या भरायला दर यात्रेत यायची, म्हणून आम्ही त्याला लहानपणापासून ओळखत होतो. सकाळी आमच्याच घरी येऊन त्यानं पाणी मागितलं. मी गूळ दिला. त्याच्या आईला कमी ऐकू यायचं; तो म्हणाला, "भाबी, बार मोठा करने को बोलो. मेरी अम्मा को ऊंचा सुनाई देता."

देवळाच्या मागं दगडी माळ होता, तिथं उखळ्या मांडायचे. गाव गढीच्या भिंतीपलीकडं उभं राहायचं. दोन बार झाले. तेवढ्यात पाटलाचा गडी सांगत आला की पंपाचं पाणी उतरलं, यात्रेकरूंच्या पाण्याची टाकी रिकामी आहे. इंजिनवाला तापानं घरी पडून होता. मामा यांना म्हणाले, "म्या येईपातूर उखळीला हात लावू नगंस." आणि मळ्याकडं गेले. गडी टाकीपाशी थांबला. मळ्यात मामा एकटेच होते.

मी भाकरी घेऊन माळावर पोचले तेव्हा तिथं फक्त हे आणि कासीम होते. भिंतीपलीकडून लोक ओरडत होते. कुणीतरी म्हणालं, "बा गेला, आता पोरगं बसलं हात चोळत." हे उठले. यांनी रंजक दिली, दोरी लावली. रंजक फुस्स करून जळली आणि बार झाला नाही. आता नियम असा की अशा उखळीत दुरून पाणी ओतायचं आणि ती बाजूला ठेवायची. आत विस्तव जिवंत असू शकतो. भिंतीपलीकडं हशा पिकला. कासीमही हसला. "क्या भाई, तुमारी उखळी सो गई क्या?" यांचा कान लाल झालेला मला दिसला. मी म्हणाले, "अवं, मामा येऊ द्या." यांनी उखळी एका हातानं कलती केली, कान साफ करायला तारेनं टोचलं, आणि पुन्हा रंजक घातली. कासीम बघायला वाकला.

बार झाला. उखळी आडवी होती. ठासलेला विटेचा लगदा कासीमच्या पोटात बसला.

धुरात मला काही दिसेना. पहिले आले ते मामा. मळा जवळच, बाराचा आवाज कसा होता यावरून त्यांना कळलं होतं. इंजिन तसंच चालू ठेवून ते पळत आले होते. भिंतीपलीकडची माणसं अजून धूर निवळायची वाट बघत होती. मामांनी कासीमकडं पाहिलं, मग यांच्या हाताकडं पाहिलं. उजवा तळवा भाजून सोलला होता. मामा हळू आवाजात म्हणाले, "वढ्याच्या कडंनं मळ्यात जा. इंजिनची नळी तापलीया, ह्यो हात तिच्यावर दाब. मग घागर अंगावर वत. कुनी इचारलं तर सकाळधरनं पंपावरच हुतास." हे उभेच राहिले. मामांनी यांच्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. हे गेले.

मग मामांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. ते उखळीपाशी वाकले आणि आपला उजवा तळवा त्यांनी तापलेल्या लोखंडावर ठेवला. काढला नाही. माणसं येईपर्यंत काढला नाही. वास आला.

कासीम शुद्धीवर न येताच तिसऱ्या दिवशी गेला. गावानं धास्ती घेतली. आता पथक येणार, गंजी पेटणार, पुरुषांना भिंतीशी उभं करणार, असं बायका विहिरीवर बोलायच्या आणि मला पाहून गप्प व्हायच्या. अमीनसाहेब आले. ते मूर्ख नव्हते. चाळीस वर्षं ज्याचा हात चुकला नाही तो यंदाच कसा चुकला, असं त्यांनी पाटलांना विचारलं. हे पोराचं काम आहे, आणि पोरानं जाणून केलं असेल तर जन्मठेप, असं ते म्हणाले; तरणं पोर म्हणजे बंडखोर, असाच तेव्हा सरकारचा हिशेब होता. माळावर कोण होतं? मामा म्हणाले, मी आणि माझी सून. भिंतीपलीकडून 'बा गेला' म्हणून ओरडलेल्यांनीही तोंड उघडलं नाही; पथक कुणालाच नको होतं. सुनेची जबानी आठ दिवसांनी चावडीत घ्यायची ठरली. पाटलांनी मामांसाठी हमी दिली म्हणून तेवढे दिवस ते घरी राहिले.

त्या आठ दिवसांत मामांनी मला तयार केलं. त्यांचा हात बांधलेला होता. डाव्या हातानं ते पाटलाच्या दाराला अस्तर देत बसायचे आणि मी शेंदूर खलायची. पहिल्या दिवशी त्यांनी बाराचं काही विचारलंच नाही. "माझं पागोटं कसल्या रंगाचं हुतं?" पिवळं. "भाकरी कसली आनलीस?" ज्वारीची, कारळाची चटणी. "कासीमच्या पायात काय हुतं?" चपला, एकीचा अंगठा तुटलेला. एवढ्यावर थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि त्यापुढं, "तू आलीस तवा म्या कुठं तोंड करून हुतो?" मी म्हणाले, "मामा, तुम्ही नव्हता." ते रागावले नाहीत. म्हणाले, "उखळीपाशी वाकलेला म्या तुला दिसलो का न्हाय?" दिसला होता. "मग? खोटं कुठं हाय त्यात? खरं आधी लाव, पोरी. खोटं त्याच्यावर बसतंय."

चौथ्या दिवसापासून ते कुठंही विचारायचे. मी पीठ मळत असले की दारातून, "रंजक कुनी दिली?" तुम्ही. शेण सारवत असले की, "तुझा मालक कुठं हुता?" मळ्यात. मी थांबले, अडखळले की पुन्हा पागोट्यापासून सुरुवात. हे ओसरीवर बसून ऐकायचे. एकदा हे म्हणाले, "अप्पा, म्या जातो चावडीत. सांगतो." मामा ब्रश तेलात बुडवत म्हणाले, "जा की. मग हिच्या पोटातल्याला काय सांगायचं त्ये आत्ताच सांगून ठेव." मला दिवस गेले होते. ते अजून कुणाला सांगायचं मला धाडस झालं नव्हतं. मामांना कसं कळलं कोण जाणे. हे पुन्हा उठले नाहीत.

सातव्या दिवशी मामा म्हणाले, "आता एक शेवटचं. चावडीत मला मारतील. मारून माझ्याच तोंडनं म्हनवतील की म्या तितं नव्हतो. म्या रडून सांगीन, पोरी खरं बोल. तवा तू काय म्हनशील?" मी शेंदूर खलत राहिले. "तवाबी हेच म्हनायचं. कवाबी, कुनीबी इचारू दे. म्या इचारलं तरी."

चावडीत तसंच झालं. कारकून उर्दूत लिहीत होता. अमीनसाहेबांनी मला पागोटं विचारलं नाही, चटणी विचारली नाही, पण मीच ते सांगितलं आणि कारकून भराभर लिहायला लागला. बारीक गोष्टी ऐकल्या की माणूस मोठी गोष्टही खरी धरतो, हे मी तिथं पाहिलं. मग त्यांनी मामांना आतून आणवलं. पागोटं नव्हतं. एक डोळा बंद. दोन माणसांनी धरलं होतं. मामा म्हणाले, "गौरव्वा, खरं सांगून टाक. त्या वक्ताला म्या मळ्यात हुतो. रंजक म्या न्हाय दिली." आवाज त्यांचाच होता, पण तुटलेला. ते खरंच मोडले होते की ठरल्याप्रमाणं बोलत होते, हे मला समजलं नाही. समजायला जागा नव्हती. मी म्हणाले, "तुम्हीच दिली मामा. मी समोर होते. नाही का म्हणता?" अमीनसाहेब कारकुनाकडं वळले. मग म्हणाले, "लिखो. बूढे की गलती." मामांना त्यांनी पुन्हा आत नेलं. जाताना त्यांनी मागं पाहिलं नाही.

गलती ठरली म्हणून गाव वाचलं, हे वाचले, आणि मामांना दोन वर्षांची सजा झाली. लांबच्या जेलात ठेवलं. माझं बाळंतपण झालं, मुलगा झाला. हे पंपात पाणी ओतायला जायचे, दारं रंगवायचे. अस्तरही हेच द्यायचे. घरात मामांचं नाव निघत नसे. कुणी पाहुण्यानं विचारलं तर हे म्हणायचे, "अप्पांच्या हातनं चूक झाली." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाले. नंतर न बघता म्हणायला लागले.

सजा पुरी व्हायच्या आधीच निजामाचं राज्य गेलं. जेलं उघडली तशी मामा चालत घरी आले. मी त्यांना ओळखलं ते भुवयांवरून, म्हणजे नसलेल्या. बाकी निम्मे झाले होते. जेलात तापानं महिनाभर बेशुद्ध होते म्हणे. नातवाला मांडीवर घेतलं, त्याचं नाव विचारलं, आणि दुपारी पुन्हा विचारलं. गोष्टी त्यांच्या हातून सुटत होत्या. तंबाखूची पिशवी कुठं, बायको कधी गेली, पाटलाचं इंजिन अजून आहे का. आम्ही म्हणायचो, म्हातारपण.

एके दुपारी हे शेतात होते. मी अंगणात तूर पाखडत होते. मामा उंबऱ्यावर बसले होते आणि आपल्या उजव्या तळव्याकडं बघत होते. तळव्यावर चकचकीत गोल डाग राहिला होता. ते म्हणाले, "गौरव्वा, त्या दिशी रंजक कुनी दिली?"

मी सुपातून मान वर केली नाही. म्हणाले, "तुम्ही."

"तू बघितलंस?"

"बघितलं की. पिवळं पागोटं होतं तुमचं. देवळाकडं पाठ करून वाकला होता."

"आन् हा कुठं हुता?"

"मळ्यात."

खरं सांगते, मला जरा अभिमानच वाटला. वर्ष उलटून गेलं होतं, मांडीवर पोर आलं होतं, तरी मी एक शब्द विसरले नव्हते. वाटलं, नवीन सरकार पुन्हा चौकशी करेल असं त्यांना वाटत असेल, म्हणून बघतायत पोरगी अजून पक्की आहे का. मामांनी तळव्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "व्हय. ह्यो डागबी हाय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी घेऊन एकटेच निघाले. कुठं, विचारलं तर "आलो" म्हणाले. तीन कोस जाऊन सांजेला परत आले आणि पाणी पिऊन झोपले. त्यानंतर त्यांनी उखळ्या पाटलाच्या ताब्यात देऊन टाकल्या. जेवण कमी केलं. आठवड्यातून दोनदा तरी देवळामागच्या माळावर जाऊन बसायचे. उन्हाळ्यात गेले. आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं त्यांना मळ्यात बसवून माती दिली. हातात इष्टलिंग ठेवताना मुठी उघडाव्या लागल्या.

पुढच्या यात्रेला बार नव्हते. कासीमची आई बांगड्यांची पेटी घेऊन आली. दोन वर्षं ती आली नव्हती. मी तिच्यापुढं हात केला नसता, पण तिनंच हाक मारली. माझा हात आपल्या हातात घेऊन, हाडं दाबून दाबून ती हिरव्या बांगड्या चढवायला लागली. दहा पावलांवर हे पोराला खांद्यावर घेऊन रेवड्या घेत होते.

"तेरा ससरा गया ना," ती म्हणाली. कानानं अधू, त्यामुळं मोठ्यानं बोलायची. "मेरे घर आया था वो. दहलीज पे बैठ के रोया."

तिनं पेटीतून पुढची बांगडी घेतली.

"बोला, अम्मा, तेरे बच्चेकू मैं मारा. मेरेकू बराबर याद नै था. जेल में रोज सोचता था, मैं था कि नै था. समझ में नै आता था. फिर घरकू आके बहूकू पूछा. बहू बोली, तुमीच थे." तिनं चौथी बांगडी सारली. "मैं बोली, जाने दे बाबा. पानी पिलाई उसकू. वो पिया नै."

माझा हात तिच्या हातात होता. तो मला काढता आला नाही. खरं काय ते सांगायला दोन वाक्यं पुरली असती. माणूस गेला होता, राज्य गेलं होतं, मला कुणाची भीती नव्हती. पण दहा पावलांवर माझा नवरा होता आणि त्याच्या खांद्यावर माझं पोर. मी सांगितलं नाही. तिनं सहावी बांगडी भरली, मी ज्वारी दिली आणि उठले.

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. हे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तू अप्पांना न्हाय म्हनायला पायजे हुतंस." मी म्हणाले, "आणि तुम्ही?" यावर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही. त्यानंतर पन्नास वर्षं संसार केला. वाईट झाला नाही. नातवंडांना हे सांगायचे, आमच्या अप्पांच्या हातून एकदा चूक झाली, पण मोठ्या मनाचा माणूस, सजा भोगून आला. सांगताना यांचा आवाज जड व्हायचा. मला वाटतं, शेवटी शेवटी यांनाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

हे जाऊन बारा वर्षं झाली. ज्यांना त्रास होईल असं आता कुणी उरलं नाही, म्हणून लिहिते. वीरभद्राच्या माळावर त्या दिवशी रंजक माझ्या नवऱ्यानं दिली. मामा मळ्यात पंपाला पाणी घालत होते. मला ते माहीत आहे, शपथेवर सांगेन. पण लिहून झाल्यावर मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि ते मलाच पटेना. डोळे मिटले की माळ दिसतो, हसणारा कासीम दिसतो, आणि उखळीच्या कानाशी वाकून चिमूट सोडणारे मामाच दिसतात.